एका पानात, तीन प्रतींत

मनपाच्या मिळकत विभागाला
आमच्या रग्बी क्लबचा इतिहास हवाय.
एका पानात, तीन प्रतींत, सोमवारच्या आत.
मी फक्की टाकणारा माणूस,
सरळ रेघेपलीकडे लिहायची सवय नाही.

तरी लिहितो.

स्थापना : सत्याऐंशी. जेलरोड, पाण्याच्या टाकीमागे.
शमुवेल साळवे देवळालीच्या छावणीतून रिटायर झाला
तेव्हा ट्रंकेतून एक लांबोडका चेंडू घेऊन आला.
दसकच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, भोपळा का रे?
आम्ही लाथ मारली.
तो गेला एकीकडे, उसळला भलतीकडे,
आणि सगळे पोट धरून हसले.
ती आमची पहिली सभा. इतिवृत्त नाही.

चेंडू उसवला की बिटकोजवळ बसणारे कौतिकराव अहिरे शिवून द्यायचे.
पैसे घेत नसत. म्हणायचे,
माझा टाका सापडला तर सांग.
सापडला नाही.

गोलचे खांब एकलहऱ्याच्या भंगारातले.
नजीर मिस्त्रीनं रात्रपाळी उतरून वेल्डिंग केलं.
मैदानात भला मोठा एच उभा राहिला
आणि समोरच्या सोसायटीनं अर्ज ठोकला :
जेल जवळ आहे म्हणून काय
पोरांनी उघड्यावर फाशीचा खांब लावावा?

प्रेसचा भोंगा झाला की सराव.
दिवसभर नोटा मोजून आलेले हात
वर्गणीचे पाच रुपये पुढच्या महिन्यावर ढकलायचे.
मग आठजण खांद्यात खांदा अडकवून वाकायचे.
कोण कुठल्या गल्लीतला,
कुणाच्या भिंतीवर कुठली तसबीर,
तिथे खाली काही कळत नाही.
घाम असतो, तंबाखूचा वास असतो,
आणि शेजारच्याचा कान आपल्या कानाला घासतो.

दोन हजार तीनच्या कुंभात मैदान गेलं.
एसट्या लागल्या.
आमच्या आडव्या पाइपावर छाट्या वाळत पडल्या.
एका साधूनं विचारलं, हे कसलं?
शमुवेलनं सांगितलं : महाराज,
हातानं चेंडू पुढं टाकायचा नाही,
मागच्यालाच द्यायचा,
आणि जायचं मात्र पुढंच.
साधू बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आमच्यात एवढं अवघड नाही.

मेळा उठल्यावर चार महिने
आम्ही मातीतून काचा वेचल्या.
अजूनही एखादी निघते.

चषक : एक. शिस्तीबद्दल.
त्या दिवशी आम्ही दहाच जण पोचलो होतो.
पुण्याकडून किती गुणांनी हरलो
ते रकान्यात बसत नाही.

शमुवेल गेला त्या पहाटे कडाक्याची थंडी होती.
पेटी उचलायला वाकलो
तर पाय आपोआप तसेच रोवले गेले
आणि नजीर, सत्तरीचा, दम्याचा,
सवयीनं ओरडला : धरा!
पाद्रीबाबा दचकले.
आम्ही धरलं.

आता मुली येतात.
वसतिगृहातली मोहिनी भोये, पेठकडची,
पहिल्या दिवशी अनवाणी खेळली.
पळताना मागे बघत नाही.
नुसत्या हाकेवर चेंडू सोडते.
कुणीतरी असतंच म्हणते.
हाक आली नाही तर? मी विचारलं.
मग आपटायचं, म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधत बसली.
बूट दुसरीचे होते, दोन नंबर मोठे.

शेवटचा रकाना : मिळकतीचा सध्याचा वापर.
साहेब, हे कागदावर नको.
उद्या सहाला या.
रात्री चिमणीची राख पडते,
फक्कीत मिसळते,
रेघ जरा करडी दिसेल.
गाडी टाकीपाशीच लावा
आणि येताना रेघेवर पाय देऊ नका,
आत्ताच मारलेली असते.